परबांच्या गाडीचा पिवळा

एका बिल्डिंगमध्ये निम्मं आयुष्य गेलं की किस्से साठत जातात. कोणी मुद्दाम साठवत नाही. माळ्यावर जुना पाळणा, फुटकी बादली, लग्नात आहेर आलेले ट्रे आपोआप जमतात ना, तसंच. एक काढायला जावं तर वरून चार अंगावर पडतात! आणि त्यातला एखादा असा निघतो, की त्या वेळी आपण पोट धरून हसलेलो असतो आणि आता हातात घेतल्यावर हसू काही येत नाही.

आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला. मी तळमजल्यावर. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी थेट पार्किंगवर उघडते. लोक म्हणतात, "रेखाला सगळ्यात नाक खुपसायची सवय आहे." अहो, खिडकीच तिकडे आहे, मी नाक कुठे ठेवू?

तर हे सगळे किस्से परबांच्या गाडीचे. परबभाऊ दुसऱ्या मजल्यावरचे. सरकारी स्टोअरमधून रिटायर झाले. आयुष्यभर कमरेला किल्ल्यांचा जुडगा. घरात कपाटाला कुलूप, कपाटातल्या खणाला कुलूप आणि त्या खणात साखरेचा डबा! त्यांची बायको सुलभावहिनी. मला सख्ख्या जावेपेक्षा जवळची.

*

गाडी खरं म्हणजे त्यांच्या निखिलची. त्याला बंगलोरला नोकरी लागली तेव्हा तो गाडी वडिलांना देऊन गेला. जायच्या घाईत दोनातली एक किल्ली त्याच्याच बॅगेत राहिली. ती गेली ती गेलीच. इथे उरली एकच.

भाऊंनी तरुणपणी ऑफिसची जीप चालवलेली. पहिल्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून ऐटीत गाडीत बसले आणि स्टिअरिंगच्या खाली चाचपायला लागले. उजवीकडून झालं, डावीकडून झालं, मग वाकून झालं. मी खिडकीतून विचारलं, "भाऊ, काय पडलं का?"

"रेखा, अगं हिला भोकच नाही!"

"कसलं भोक?"

"किल्लीचं गं! किल्ली घालू कुठे?"

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरचे दिनेशभाई आले. त्यांचं कपड्यांचं दुकान आहे, पण सल्ला ते कशावरही देतात. म्हणाले, "भाऊ, ही किल्ली फिरवायची नाय. खिशात ठेवायची. ब्रेक दाबा ने बटन दाबा. बस!"

भाऊंनी ब्रेक दाबला, बटण दाबलं. गाडी सुरू व्हायची सोडून स्टिअरिंगमागच्या काचेत पिवळ्या रंगाची एक छोटी किल्ली लुकलुकायला लागली. त्या किल्लीवर तिरकी रेघ.

"किल्ली गाडीत नाय," दिनेशभाई म्हणाले. "किल्ली असेल तर हिरवी दिसते. नसेल तर पिवळी. नसेल तर गाडी ओळखतच नाय तुम्हाला."

किल्ली होती वर, देव्हाऱ्यात. गाडी उघडून दिल्यावर वहिनी ती हळद-कुंकू लावायला घेऊन गेल्या होत्या. पण भाऊंचा पारा चढला. "म्हणजे काय? मी मालक! समोर बसलोय! तरी ओळखत नाही?"

वरून गॅलरीतून वहिनींचा आवाज आला, "त्यात काय एवढं! तुमच्या आईने मला दोन वर्षं ओळखलं नव्हतं!"

त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये शब्दच रूढ झाला. कोणाची बायको रुसली, की 'पिवळा लागला'. मीटिंगमध्ये सेक्रेटरी आवाज चढवायला लागले, की मागून कोणीतरी हळूच म्हणायचं, "पिवळा!" आमचे हे तर जेवताना माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारायचे, "हिरवी आहे ना?"

*

आता गाडी आल्याचा वहिनींना एवढा आनंद का, ते सांगते. म्हणजे पुढचं कळेल.

वहिनींचं माहेर कुडाळच्या बाजूला. आई लहानपणीच गेली. वाढवलं मोठ्या बहिणीने. तिला सगळे बायो म्हणायचे. बायोने लग्न केलं नाही, सुलूचं मात्र करून दिलं. आता बायो थकलेली, माहेरच्या घरात भावाच्या मुलाजवळ, संतोषजवळ राहायची. गुडघे कामातून गेलेले. रिक्षात बसायचं तर पाय दुमडत नाहीत आणि एसटीची पायरी चढवत नाही, म्हणून कित्येक वर्षांत तिने कुडाळचा बाजार बघितला नव्हता. पान खायची भारी शौकीन. पण पान-सुपारी दुसरा कोणी आणून देईल ती. कुठली पानं चांगली, हे बायोला स्वतः बोटांनी चाचपून बघायचं असायचं.

वहिनींनी फोनवर तिला कबूल केलं होतं, "माझ्या गाडीत तुला पुढच्या सीटवर बसवणार. पाय लांब करून बस. थेट पानवाल्याच्या दारात उतरवते."

बस्स. एवढंच होतं. दुसरं काही मागणं नव्हतं त्या बाईचं.

*

मे महिन्यात निघायचं ठरलं. पहाटे सगळं सामान भरलं. मी चहाचा थर्मास भरून दिला. भाऊ बसले, वहिनी बसल्या, मी खिडकीतून "सांभाळून जा" म्हटलं आणि बटण दाबल्यावर लागला की पिवळा!

"किल्ली कुठे आहे?" भाऊ ओरडले.

"गाडीतच आहे!"

"गाडीत आहे तर ही नाही का म्हणते?"

"ते तिला विचारा! माझ्याकडे आहे, नीट ठेवलीय."

भाऊंनी बायकोवर विश्वास ठेवला, गाडीवर नाही. गाडीत बिघाड आहे असं ठरलं. पेपरवाला थांबला, दूधवाला थांबला. कोणी म्हणालं बॅटरी गेली, कोणी म्हणालं उंदराने वायर खाल्ली. दिनेशभाई लुंगीवरच खाली आले आणि बॉनेट उघडून आत बघत राहिले, जसं काही त्यांना त्यातलं कळतं! शेवटी उन्हं वर आल्यावर नाक्यावरचा गॅरेजवाला सलीम आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चाची, चावी दिखाओ ना."

वहिनींनी पायाशी ठेवलेला स्टीलचा डबा मांडीवर घेतला. बायोसाठी केलेले रव्याचे लाडू. झाकण घट्ट, वरून फडकं बांधलेलं. फडकं सोडलं, झाकण उघडलं. लाडवांच्या मधोमध प्लास्टिकच्या पिशवीत किल्ली!

"पर्समधून चोरीला जाते," वहिनी म्हणाल्या. "लाडू कोण चोरणार?"

झाकण उघडताच समोर हिरवी किल्ली दिसली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू! सलीम म्हणाला, स्टीलच्या डब्यात ठेवली की गाडीला किल्लीचा पत्ताच लागत नाही. त्याला दोन लाडू मिळाले. आम्हाला सगळ्यांना मिळाले. पार्किंगमध्ये उभं राहून लाडू खाताना आम्ही इतके हसलो, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

भाऊ मात्र म्हणाले, "सुरुवातीलाच अडलं. आज नको. गणपतीला जाऊ."

वहिनींनी रिकामा डबा पुसला, फडक्याची घडी घातली आणि वर गेल्या. लाडू बायोचे होते, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आलं नाही.

*

गणपतीचा किस्सा मात्र माझ्या खिडकीतून सुरू झाला. संध्याकाळी कुकर लावताना बघते, तर परबांच्या बंद गाडीत एक लाल ठिपका. लागतो, विझतो, लागतो, विझतो. मी भाऊंना हाक मारली. "भाऊ, तुमच्या गाडीत लाल लागलाय! पिवळा नाही, लाल!"

भाऊ धावत खाली. दार उघडून आत बसले. ठिपका बंद. बाहेर आले, गाडी लॉक केली. ठिपका चालू! परत आत बसले. बंद. परत बाहेर. चालू!

"मी असलो की गप्प बसतो," भाऊ म्हणाले, "आणि पाठ वळली की चालू! शाळेतल्या पोरांसारखा आहे."

"मग तुम्ही गाडीतच बसून राहा," मी म्हटलं.

आणि बसले हो खरंच! समोर पेपर धरून बसायचे आणि पेपरवरून एक डोळा त्या ठिपक्यावर. वॉचमनला वाटलं, वहिनींशी भांडण झालंय. तो मला हळूच विचारून गेला, "ताई, साहब को घर से निकाल दिया क्या?"

भाऊंनी निखिलला फोन लावला. तो मीटिंगमध्ये. "बाबा, मॅन्युअल वाचा," म्हणाला आणि ठेवला. मॅन्युअल इंग्रजीत. भाऊंनी त्यातलं चित्र शोधून काढलं, खाली लिहिलं होतं ते मोठ्याने वाचलं आणि जाहीर केलं, "सिक्युरिटीचा प्रॉब्लेम आहे. अशी गाडी घाटात न्यायची नाही."

नंतर सलीमकडून कळलं, की तो लाल ठिपका म्हणजे गाडी लॉक आहे, चोराला सुरू करता येणार नाही, एवढंच. गाडी राखण करत होती बिचारी! पण हे कळेपर्यंत गौरीसुद्धा गेल्या होत्या.

त्या वेळी वहिनी माझ्या स्वयंपाकघरात बसून बायोला फोन करत होत्या. त्यांना ऐकायला कमी येतं म्हणून स्पीकर लावलेला. वहिनी म्हणाल्या, "बायो, अगो आता दसऱ्यानंतर येतंय. गाडीत लाल लागलो."

पलीकडून बायोचा पानाने भरलेला आवाज, "तुज्या गाडीक रोज कायतरी लागताच! एकदा येवन तर बघ गो. तुजी किल्लीच काढून लपवन ठेवतंय. मगे बगतंय परत कशी जातंस ती!"

वहिनी हसल्या. मीपण हसले. फोन ठेवल्यावर वहिनी माझ्या ओट्यावरच्या शेंगा उगाचच सोलत बसल्या. "आवाज बारीक झालाय ना गं तिचा?" त्यांनी विचारलं.

"छे गं, तोंडात पान होतं," मी म्हटलं.

*

दसऱ्याला गाडीची पूजा. झेंडूचा हार, लिंबू-मिरची, चाकाखाली लिंबू, सगळं यथासांग. भाऊ म्हणाले, "किल्लीचीपण पूजा कर, तीच खरी मालकीण आहे." झालं! वहिनींनी किल्ली ताम्हनात ठेवली. पळीभर पाणी, मग दूध, परत पाणी. हळद, कुंकू, अक्षता. वर साखर!

दोन दिवसांनी निघायचं होतं. निघताना पिवळा! या वेळी किल्ली डब्यात नव्हती, वहिनींच्या हातात होती. पण आतून कुंकू निघत होतं. बटणाच्या फटीत कुंकू, अक्षता अडकलेली. भाऊंनी जोरात फुंकर मारली, तर सगळं उडून त्यांच्याच कपाळावर!

दिनेशभाई म्हणाले, "अभिषेक केला ना किल्लीला? तिचा आतला सेल गेला. पण एक इलाज आहे. किल्ली बटनला टेकवा ने तिच्यानेच बटन दाबा. थोडा जीव असेल तर ओळखेल."

वहिनींनी किल्ली दोन्ही हातांत धरली, डोळे मिटले, भक्तिभावाने बटणाला टेकवली आणि दाबली. गाडी सुरू!

आख्ख्या पार्किंगने टाळ्या वाजवल्या. कोणीतरी ओरडलं, "देवभोळी गाडी आहे!" वहिनींचा चेहरा असा उजळला, असा उजळला! म्हणाल्या, "चला, निघू या हो आता. सुरू झालीय तोवर."

भाऊंनी गाडी बंद केली.

"वाटेत अडली तर कुठे नमस्कार करत बसायचं? आधी सेल बदलू. गाडी नीट होऊदे. बायो कुठे पळून जात नाही."

सेल त्याच संध्याकाळी बदलून झाला, तोही सलीमने उभ्या उभ्या बदलला. पण मग निखिल दिवाळीला येणार होता, मग भाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, मग थंडीत घाटात धुकं असतं. भाऊ वाईट माणूस नव्हे हो. घाबरायचे. चारचौघांत कबूल कसं करणार? मग गाडीचं नाव पुढे करायचे. वहिनींना ते माहीत होतं. म्हणूनच त्या कधी हट्टाला पेटल्या नाहीत, असं मला वाटतं. एकदा मात्र जिना चढता चढता थांबल्या आणि म्हणाल्या, "रेखा, गाडीचे दिवे एवढे बघतात, एकदा माझ्या तोंडाकडे बघायचं होतं."

*

सेल बदलल्यापासून गाडीला नवीनच सवय लागली, म्हणजे आम्हाला ती नव्याने कळली. भाऊ वहिनींना भाजीला घेऊन जायचे. मार्केटसमोर गाडी चालूच ठेवून ते बसायचे, वहिनी उतरायच्या. डब्याचा धडा मिळाल्यापासून किल्ली वहिनींच्या पर्समध्ये. वहिनी उतरून दार लावून चार पावलं गेल्या, की गाडी किंचाळायला लागायची. टीं टीं टीं! आणि समोर पिवळा!

वांगी निवडणाऱ्या बायका वळून बघायच्या. भाऊ काच खाली करून ओरडायचे, "अगो, तू उतरलीस की ही रडते!"

वहिनी भाजीच्या ढिगाऱ्यावरून म्हणाल्या, "बघा! तुम्ही कधी रडलात का?"

भाजीवाला इतका हसला, की त्याने कोथिंबीर फुकट दिली.

पण भाऊ घाबरले. मध्येच गाडी बंद पडली तर? लगेच सलीमकडे. सलीम वैतागला होता तोपर्यंत. त्याने भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "काका, सुनो. गाडी चालू आहे ना? मग हा पिवळा बघायचाच नाही. चावी बाहेर गेली तरी चालू गाडी बंद होत नाही. बिनधास्त चालवा. टेन्शन घ्यायचंच नाही."

भाऊंना हे इतकं पटलं, की त्यांनी मंत्रासारखं पाठ केलं. चालू गाडीत पिवळा बघायचा नाही. येता-जाता आम्हालाही ऐकवायचे. त्यांच्या चेहऱ्यावर वेगळाच आत्मविश्वास आला. एक दिवस स्वतः होऊन म्हणाले, "सुलू, बायोला कळव. शिमग्याला येतोय. नक्की!"

वहिनींनी त्याच दिवशी जाऊन बायोसाठी हिरवं नऊवारी लुगडं आणलं. मला दाखवायला खाली आल्या. काठावरून हात फिरवत म्हणाल्या, "हे नेसून बाजारात जाईल."

*

शिमग्याच्या आधीच संतोषचा फोन आला. सकाळची वेळ होती. बायो झोपेतच गेली.

मी वर गेले तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. भाऊ कपाटासमोर उभे. कुलूप न उघडताच दार ओढत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रेखा, तू चल बरोबर. हिला सांभाळ. मी गाडी काढतो."

गाडीला त्या दिवशी काही झालं नाही. बटण दाबलं, हिरवी किल्ली आली, सुरू झाली. इतकं सोपं होतं! दिनेशभाईंनी गेट उघडून धरलं.

वहिनी पुढे बसल्या नाहीत. माझ्याजवळ मागे बसल्या. पुढच्या सीटवर त्यांनी बायोचं लुगडं ठेवलं, तिच्यासाठी आणून ठेवलेल्या औषधांची पिशवी, पाण्याचा मोठा कॅन आणि एक चादर, गुडघ्याखाली घ्यायला म्हणून कधीची काढून ठेवलेली. पनवेल सोडलं नाही तोच गाडी वाजायला लागली. मी म्हटलं, आला पिवळा! पण नाही. स्टिअरिंगमागच्या काचेत, बसलेल्या माणसाचं चित्र लाल झालं होतं, छातीवर आडवा पट्टा असलेलं. पुढच्या सीटवर वजन पडलं होतं ना. गाडीला वाटलं, तिथे कोणीतरी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही.

टिंग. टिंग. टिंग.

भाऊंनी गाडी कडेला घेतली. मला वाटलं, सामान मागे देतील. त्यांनी पट्टा ओढला, लुगड्यावरून आडवा घेतला आणि लावला. आवाज थांबला. मग आम्ही निघालो.

कुडाळला पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. संतोष म्हणाला, "आत्या, थांबलो असतो, पण किती थांबणार?"

*

मी दोन दिवसांसाठी म्हणून गेले आणि तेरावं करूनच निघाले. आमच्या ह्यांनी फोनवर विचारलं, "तिकडे रेशनकार्ड काढलंस का?" पण वहिनींना सोडून निघवेना. त्या दिवसभर बायोच्या खोलीत बसायच्या. बायोची खाट, खाटेखाली चपला, उशाशी पितळेचा पानाचा डबा. डबा तसाच होता, चुना सुकलेला. घरात कोणी त्याला हात लावला नव्हता.

निघायच्या सकाळी सामान भरलं. वहिनी या वेळी पुढे बसल्या, पर्स मांडीवर. भाऊंनी बटण दाबलं. हिरवी किल्ली, गाडी सुरू. संतोष, त्याची बायको, शेजारपाजार, सगळे अंगणात उभे. आणि वहिनी म्हणाल्या, "थांबा. बायोच्या पाया पडायचं राहिलं."

"आता तिथे कोण आहे, अगो?" भाऊ म्हणाले. पण त्या उतरल्या. पर्स घेऊन आत गेल्या. गाडी नेहमीसारखी किंचाळायला लागली. टीं टीं टीं! अंगणातली कोंबडी पळाली. भाऊ सगळ्यांना समजावून सांगत होते, "काही नाही, काही नाही, ही उतरली की असंच करते."

मी मागे बसून दाराकडेच बघत होते. माझ्या नजरेतून सहसा काही सुटत नाही. वहिनी आत गेल्या, बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. डोळे पुसलेले, पर्स खांद्याला. बसल्या. पट्टा लावला. "चला," म्हणाल्या.

पिवळा मात्र गेला नाही. मी मागून म्हटलं, "भाऊ, समोर पिवळा दिसतोय."

"दिसूदे. चालू गाडीत पिवळा बघायचा नाही!" भाऊ म्हणाले आणि गाडी रस्त्याला लावली. जन्मात पहिल्यांदा तो माणूस दिव्याला घाबरला नाही! कणकवली गेली, तरळं गेलं. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. मध्येच ओठ हलायचे, कोणाशी तरी बोलल्यासारखे.

खारेपाटणच्या पुढे पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरचा माणूस म्हणाला, "गाडी बंद करा, साहेब." भाऊंनी बंद केली. पेट्रोल भरलं. ब्रेक दाबला, बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. पिवळी किल्ली, तिरकी रेघ.

मागे ट्रक, टेम्पो, रिक्षा. पों पों सुरू! "काका, साईडला घ्या!" भाऊ घामाघूम. "सुलू, पर्स दे!" पर्स बॉनेटवर उपडी केली. चष्म्याचं घर, अमृतांजन, रुमाल, देवाचा अंगारा, खोबऱ्याच्या वड्या. किल्ली नाही. सीटखाली नाही, चादरीत नाही. मी डबेसुद्धा उघडून बघितले, अनुभव होता ना!

भाऊंनी संतोषला फोन लावला, स्पीकरवर. "अरे, किल्ली तिकडे राहिली की काय? अंगणात बघ! ओटीवर बघ!"

संतोष सगळं घर शोधत होता. भांडी हलवल्याचा आवाज, खाट सरकवल्याचा आवाज. वहिनी गाडीतून उतरल्या नव्हत्या. फोनकडे बघतही नव्हत्या. मागून संतोषच्या बायकोचा आवाज आला, मग संतोषचा.

"मिळाली, काका!"

"कुठे होती?"

"बायोच्या पानाच्या डब्यात. झाकण लावलेलं होतं."

पंपावर एवढा गोंगाट चाललेला, पण भाऊंनी फोन हळूच बंद केला. खिडकीशी वाकले. "सुलू, अगो, डब्यात कशी गेली ती?"

वहिनींनी पदराने तोंड पुसलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू दिसलं.

"मी काय सांगू? म्हणाली होती ना ती, बघते परत कशी जातेस."